प्रवासाला निघताना पायांत काय घालाल?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एप्रिल लागला की आमच्या दुकानात एक वाक्य रोज कानावर पडते : "पुढच्या आठवड्यात चारधामला निघतोय, चांगलेसे बूट दाखवा." बूट आम्ही दाखवतोच. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो आणि तीच सर्वांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्रक छापले आहे. प्रवासाला न्यायचा बूट निघण्याच्या आधी निदान तीन-चार आठवडे तुमच्या पायांत असला पाहिजे.

नवा बूट कितीही महागाचा असो, सुरुवातीच्या दिवसांत तो टाचेला, करंगळीला किंवा अंगठ्याच्या सांध्याला चावू शकतो. घरी चावला तर दोन दिवस चप्पल घालून भागते. केदारनाथच्या वाटेवर भागत नाही. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंत सुमारे 16 किलोमीटर चढ आहे, आणि दर्शन झाले की तेवढेच खाली उतरायचे असते. म्हणून बाजारात जाताना, स्टेशनवर जाताना, संध्याकाळी फिरायला जाताना तोच बूट घाला. सगळे मिळून तीसेक किलोमीटर चालणे झाले की बूट तुमच्या पायाचा झाला असे समजा. मधल्या काळात कुठे लागत असेल तर तेही कळते. चामड्याचा बूट असेल तर आम्ही तो साच्यावर चढवून तेवढी जागा सैल करून देतो. जाळीदार कापडाच्या बुटाला हा उपाय फारसा लागू पडत नाही, तो मुळातच मापाचा घ्यावा लागतो.

माळ्यावर जपून ठेवलेले बूट

"आमच्याकडे ट्रेकिंगचे उत्तम बूट आहेत, एकदाच वापरलेत," असे सांगणारे ग्राहक बरेच असतात. त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की ते बूट आजच खाली काढा.

काही वर्षांपूर्वी आमच्या एक जुन्या ग्राहक काकू केदारनाथहून परतल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जोड काउंटरवर ठेवला. चार वर्षे खोक्यात, कागदात गुंडाळून, माळ्यावर ठेवलेला. वरून बूट अगदी कोरा दिसत होता. भीमबलीपर्यंत काही कळलेच नाही. लिंचोलीच्या चढावर उजव्या बुटाचा सोल पुढून उघडला आणि शे-दोनशे पावलांत टाचेपर्यंत सुटला. ओढणीची पट्टी फाडून त्यांनी तो बांधला, तीही दगडावर घासून तुटली. पुढची वाट त्यांनी खेचरावर बसून केली. त्यांच्या मनात वर्षानुवर्षे पायी जायचे होते. आम्ही तो सोल बोटांत धरून दाबला, तर मधला थर नानकटाईसारखा भुगा होऊन काउंटरवर सांडला. डाव्या बुटाचीही तीच गत होती.

यात काकूंची चूक नव्हती. अनेक बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा मऊ थर असतो. चालायला तो छान असतो, पण हवेतली वाफ हळूहळू त्याची घट्ट रचना तोडत जाते. आपल्या डोंबिवलीसारख्या दमट हवेत, बंद खोक्यात, हे काम आतल्या आत चालू राहते. वापरात असलेला बूट त्यामानाने बरा टिकतो, पडून राहिलेला आधी जातो. त्यामुळे "कमी वापरलेला म्हणजे चांगला" हा आपला नेहमीचा हिशेब इथे चालत नाही.

तपासायला दोन मिनिटे लागतात. सोलच्या कडेला, मधल्या थरात अंगठ्याचे नख दाबा. तो थर परत वर यायला हवा. खड्डा तसाच राहिला, नखाला चिकटपणा लागला किंवा भुकटी आली तर बूट बाद. मग बूट दोन्ही हातांनी धरून चवड्याशी दहा-बारा वेळा वाकवा आणि कडेला बारीक चिरा दिसतात का ते पाहा. एवढे करूनही तो बूट घालून घराजवळ चार किलोमीटर चालल्याशिवाय बॅगेत टाकू नका. भुगा होऊ लागलेला पीयू कोणत्याही सोल्यूशनने चिकटत नाही. कोणी "चिकटवून देतो" म्हणाले तरी त्या भरवशावर डोंगर चढू नका.

नवा बूट घेतानाही, आमच्याकडे घ्या किंवा दुसरीकडे, खोक्यावरचे लेबल वाचा. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. मोठ्या सवलतीच्या सेलमध्ये कधी कधी तीन-चार वर्षांपूर्वीचा माल असतो. रोजच्या वापराला तो चालून जाईल, पण लांबच्या प्रवासाला घेऊ नका.

माप उतारावर ठरते

चढताना बूट सहसा त्रास देत नाही. त्रास उतरताना होतो, कारण प्रत्येक पावलाला पाय आत पुढे सरकतो आणि अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो. गिरनारला जाणाऱ्या दत्तभक्तांना हे नीट माहीत आहे. दहा हजारांच्या घरात पायऱ्या, आणि परतल्यावर आठ दिवसांनी अंगठ्याचे नख काळेनिळे. ऑक्टोबर 2020 पासून अंबाजीपर्यंत रोपवे झाला आहे, पण दत्तशिखर त्याच्या पुढे आहे. गोरखनाथाच्या शिखरावरून बऱ्याच पायऱ्या उतरून पुन्हा चढावे लागते आणि परतताना तसेच. म्हणजे रोपवेने गेलात तरी उतार चुकत नाही.

म्हणून दुकानात बूट घालून नुसते उभे राहू नका. आमच्याकडे एक उतरती फळी ठेवली आहे, तिच्यावरून खाली चालून पाहा. अंगठा टेकला तर अर्धा नंबर वर जा. भारतात बहुतेक बुटांवर जो सहा, सात, आठ नंबर असतो त्यातला एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, म्हणून अर्ध्या नंबराने खरोखर फरक पडतो. उभे असताना सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बऱ्याच जणांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्याहून लांब असते, तेव्हा माप त्या बोटाचे.

संध्याकाळी या. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात आणि प्रवासात पाय सुजलेलेच असतात. प्रवासात घालणार तेच मोजे घालून या. दोन्ही पाय मोजू द्या, दोन्ही क्वचितच अगदी सारखे असतात, आणि नंबर मोठ्या पायाचा घ्या. लहान पायाच्या बुटात आम्ही जास्तीचा सुखतळा बसवून देऊ.

नाडी बांधणे हाही मापाचाच भाग आहे. उतार सुरू होण्यापूर्वी थांबा, टाच मागे नीट टेकवा आणि घोट्याजवळचा शेवटचा भोकांचा जोड वापरून नाडी घट्ट बांधा. चवड्यावर मात्र ती सैल राहू द्या. टाच जागेवर राहिली की अंगठा वाचतो. हे बांधणे काउंटरवर दाखवून मागा, एकदा हाताने केले की विसरत नाही.

कुठे जाताय, त्यावर सोल

चारधामच्या वाटा बहुतांशी फरशी-दगडांनी बांधलेल्या आहेत, पण त्यांवरून दिवसभर खेचरे जातात. पाऊस पडला की चिखल आणि लीद यांचा निसरडा राडा होतो. तिथे खोल खाचांचा रबरी सोल आणि घोट्याला आधार देणारा बूट घ्या. केदारनाथ 3,583 मीटरवर आहे, पहाटे पाय गारठतात. यमुनोत्रीची वाट जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटरच आहे, पण चांगलीच उभी आहे. बद्री-गंगोत्रीला गाडी जवळपर्यंत जाते, तिथे साधा स्पोर्ट्स शू पुरतो.

सह्याद्रीचा पावसाळा निराळा. "वॉटरप्रूफ दाखवा" असे सांगत पुष्कळ तरुण मंडळी येतात, आणि आम्ही त्यांना बहुधा नको म्हणतो. आपल्याकडे पाणी वरून, घोट्यातून आत शिरते. ओढा ओलांडला की बूट भरतो आणि वॉटरप्रूफ बुटातून ते पाणी बाहेर जात नाही. दिवसभर पाय पाण्यात भिजून पांढरे पडतात, मग फोड येतात. त्यापेक्षा पाणी झटकून टाकणारा जाळीचा बूट बरा. बर्फात आणि हिमालयातल्या थंडीत वॉटरप्रूफचा उपयोग आहे, तिथे जरूर घ्या. रबर नखाने दाबल्यावर किंचित दबणारे असावे, कडक प्लॅस्टिकसारखा सोल ओल्या कातळावर घसरतो. नव्या सोलवर सुरुवातीला गुळगुळीत चकाकी असते, ती रस्त्यावर चालून घासून जाऊ द्या. आणि खरे ते सांगितले पाहिजे : हिरव्या शेवाळावर कोणताच सोल भरवशाचा नाही, पन्नास रुपयांचा नाही आणि दहा हजारांचाही नाही. तिथे पाऊल आडवे टाकून हळू जाणे एवढेच हातात आहे.

कोकणात समुद्रावर जाणार असाल तर मागे पट्टा असलेले रबरी सँडल न्या. सुटी चप्पल वाळूत ओढली जाते आणि लाटेत वाहून जाते. खडकांवर अनवाणी फिरू नका, खडकाला चिकटलेली कालवे तळपाय कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही.

युरोपच्या सहलीत बस असली तरी दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालणे सहज होते. रोम, प्राग अशा शहरांच्या जुन्या भागांत गोटीव दगडांची फरसबंदी आहे, त्यांच्या फटींत उंच टाच अडकते आणि पातळ सोलमधून प्रत्येक दगड टोचतो. जाड, मऊ सोलचा बंद बूट घ्या. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला मुलांकडे जाणाऱ्या आई-बाबांनी एक लक्षात ठेवावे. तिथे बाहेरची माती देशात येऊ नये म्हणून विमानतळावर काटेकोर तपासणी असते. ट्रेकला वापरलेले बूट खाचांमधून ब्रशने धुऊन, वाळवून न्या आणि प्रवेशाच्या फॉर्मवर त्यांची नोंद करा.

कोल्हापुरीबद्दल आवर्जून लिहितो, कारण ती आमच्या दुकानाचा मान आहे. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. लग्नाला, कोरड्या गावाला, संध्याकाळच्या फेरफटक्याला ती खुशाल न्या. पण तिचा तळ चामड्याचा, पाणी पिणारा आणि गुळगुळीत असतो. पावसात आणि ओल्या घाटावर ती घालू नका. भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवा आणि मग थोडे तेल चोळा.

मधुमेह असेल तर

हा भाग कृपया घरातल्या ज्येष्ठांना वाचून दाखवा. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. बूट चावतोय हे कळत नाही, बुटात खडा गेलेला कळत नाही, देवळाच्या तापलेल्या फरशीवर पोळलेलेही कळत नाही. आमच्या एका ग्राहक आजोबांच्या मोज्याला रक्त लागलेले त्यांच्या सुनेने पाहिले, त्यांना स्वतःला काहीच जाणवले नव्हते. बुटात पाय घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी हात आत फिरवून पाहा. आतली शिवण टोचती नसावी, पुढचा भाग ऐसपैस असावा. देवळात चपला काढाव्या लागतात तिथे पायांत जाड मोजे ठेवा, शक्यतो सकाळी लवकर जा. मुक्कामी पोहोचल्यावर तळपाय उजेडात धरून घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. लहानसा फोड दिसला तरी तो फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. पायाला व्रण आधीपासून असेल तर आमच्याकडे येण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. तशा पायाला दुकानातला तयार बूट पुरेसा असेलच असे नाही आणि तो विकण्याची आम्हालाही घाई नाही.

बॅगेत किती?

बहुतेक सहलींना दोन जोड आणि खोलीत, न्हाणीघरात घालायला एक हलकी रबरी चप्पल पुरते. एक जोड भिजला की दुसरा घालता यावा, यासाठीच दुसरा. आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांपैकी बरेच जण ऐन पावसात चालतात. त्यांनाही आम्ही सुकी चप्पल पिशवीत ठेवा असेच सांगतो.

जड बूट पायांत घालून निघा, हलके बॅगेत टाका. विमानात बसल्यावर नाडी सैल करा. बॅगेतले बूट जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून चाकांच्या बाजूला ठेवा, आत मोजे कोंबा, जागाही वाचते आणि बुटाचा आकारही राहतो. नुसते सुती मोजे घामाने ओले होतात आणि ओलेच राहतात, लांब चालायला लोकरीचे किंवा मिश्र धाग्याचे घ्या.

भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दोन-तीन तासांनी बदला. सुखतळा काढून वेगळा वाळवा. शेकोटीजवळ किंवा हीटरसमोर बूट ठेवू नका. सोल ज्या सोल्यूशनने चिकटवलेला असतो ते उष्णतेने सैल पडते आणि चामडे तडकते.

निघण्यापूर्वी आमच्याकडे

जुना बूट सोबत न्यायचा असेल तर निघण्याच्या दहा दिवस आधी दाखवायला आणा. तपासणीचे पैसे घेत नाही. सोल कडेने सुटू लागला असेल तर पेस्टिंग करून वर शिलाई मारतो, कारण डोंगरात नुसत्या पेस्टिंगवर अवलंबून राहणे बरे नाही. पेस्टिंग केलेला बूट पूर्ण एक दिवस दाबाखाली ठेवावा लागतो, त्यामुळे "सकाळी देतो, संध्याकाळी गाडी आहे" असे काम आम्ही घेत नाही. बूट देताना निघण्याची तारीख आणि जाण्याचे ठिकाण पावतीवर लिहून घ्या, त्यावरून कारागीर कोणता सोल आणि कोणता दोरा वापरायचा ते ठरवतात.