काठी कोणत्या हातात?

उजवा खुबा दुखतो म्हणून आजी काठी उजव्या हातात धरते. दुखतं तिथेच आधार हवा, असं आपल्यालाही वाटतं. पण काठी डाव्या हातात हवी. असं का, हे ज्या विषयात उलगडतं तो म्हणजे कायनेसिऑलॉजी, शरीराच्या हालचालींचं शास्त्र.

चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. उजव्या पायावर भार आला की उरलेलं अंग, उचललेल्या डाव्या पायासकट, डावीकडे कलू पाहतं. ते कलू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा ग्लुटिअस मीडियस नावाचा स्नायू कमरेचं हाड ओढून धरतो. आत्ताच एका पायावर उभे राहा आणि त्याच बाजूला, कमरेच्या हाडाच्या कडेखाली बोटं दाबून बघा. स्नायू टणक झालेला लागेल.

आता सीसॉ आठवा. खुब्याचा सांधा हा टेकू. शरीराचं वजन त्यापासून लांब, स्नायू मात्र साधारण निम्म्या अंतरावर. म्हणजे स्नायूला जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो, आणि दोन्हींचा भार सांध्यावरच येतो. ६० किलो वजनाच्या बाईच्या खुब्यावर एका पायावर उभं राहताना १५० किलोच्या आसपास भार पडतो! डाव्या हातातली काठी टेकूपासून खूप दूर टेकते, त्यामुळे तिच्यावर जरासं रेललं तरी स्नायूचं बरंचसं काम वाचतं आणि सांधा हलका होतो. उजव्या हातात धरली तर हा फायदा जवळपास जातोच.

कॅनडात हा पदवीचा स्वतंत्र विषय आहे. ओंटारिओतल्या वॉटर्लू विद्यापीठाने १९६७ मध्ये कायनेसिऑलॉजीचा विभाग सुरू केला. जगातला असा पहिला विभाग तोच मानला जातो. खेळाची आवड म्हणून मुलं प्रवेश घेतात आणि पहिल्याच वर्षी शरीररचनेबरोबर भौतिकशास्त्र समोर येतं. काही जण तिथेच नाउमेद होतात. मला तर हीच या पदवीची खरी ताकद वाटते, कारण शाळेत पाठ केलेली तरफ इथे स्वतःच्या कोपरात सापडते.

प्रयोगशाळेत जमिनीत बसवलेली एक धातूची पाटी असते, फोर्स प्लेट. तिच्यावरून चालत गेलं की पडद्यावर पावलाचा आलेख उमटतो: दोन टेकड्या आणि मधे खळगा. टाच टेकल्यावर भार वजनापेक्षा वर जातो, पाऊल पूर्ण टेकलं की वजनाच्याही खाली येतो आणि बोटांनी जमीन मागे रेटताना पुन्हा चढतो. पाय दुखत असेल तर टेकड्या बसक्या होतात आणि आलेख आखूड होतो, कारण माणूस ते पाऊल घाईने उचलतो. लंगडणं असं कागदावर दिसतं. स्नायूंतले विद्युतसंदेश, धावताना घेतलेला ऑक्सिजन, तोल सावरताना मेंदू काय करतो, हेही मुलं बहुतेक वेळा एकमेकांवरच मोजून शिकतात.

इकडून तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: ही फिजिओथेरपीची पदवी नव्हे. कॅनडात फिजिओथेरपिस्ट व्हायला पदवीनंतर पुढचं शिक्षण घ्यावं लागतं, आणि कायनेसिऑलॉजी हा तिथवर जाण्याचा एक रुळलेला रस्ता आहे. ओंटारिओत २०१३ पासून कायनेसिऑलॉजिस्ट हा स्वतःच नोंदणीकृत आरोग्य व्यवसाय आहे. आपल्याकडे मात्र हा विषय फिजिओथेरपी किंवा शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात एक पेपर म्हणून भेटतो.

तो तेवढ्यावरच थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. कामाच्या ठिकाणी शरीरावर पडणारा भार मोजणं हाही या अभ्यासाचाच भाग आहे. ऊसतोडीच्या फडात कंबरेत वाकून बुडख्याशी कोयता चालतो. तसं वाकल्यावर पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५-६ सेंटिमीटरवरून ओढत असतात आणि डोकं, खांदे, हात लांब पुढे लोंबत असतात. पुन्हा तोच सीसॉ, फक्त टेकू आता कमरेच्या मणक्यात. नंतर डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. त्या फळीवर गुडघ्यावर किती भार येतो, फळीचा चढ कमी केला तर तो कितीने उतरतो, हे मोजायला आपल्याच गावची मुलं फोर्स प्लेट घेऊन फडात उतरलेली मला बघायची आहेत.