रात्री दोनला रस्ता रिकामा, तरी मिरज लांबच

परवा मावशीला रात्रीच्या गाडीला सोडायला मिरजेला गेलो होतो. सांगलीतून निघालो तेव्हा दोन वाजून गेलेले, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मी मनात म्हटलं आज काय भुर्रकन पोचतोय. कुठलं काय. राममंदिर चौक सोडला की आधी स्पीडब्रेकर, मग पाइपलाइनसाठी खोदून वर नुसती माती लोटलेला चर (कुणी खोदला ते विचारू नका, ते कुणालाच माहीत नसतंय), विश्रामबागच्या पुढं रस्त्याच्या मधोमध निवांत रवंथ करत बसलेल्या दोन म्हशी, आणि त्याच्या पुढं एका ठिकाणी लाइट बंद, तिथला खड्डा मला दिसला तेव्हा गाडी त्यात उतरलेली होती. मावशी मागं बॅगा मांडीवर घेऊन बसलेली, ती म्हणाली, "अरे ट्रॅफिक तर औषधाला नाही, मग एवढा वेळ कशानं लागायलाय?"

मावशीला माहीत नाही, पण अगदी हाच प्रश्न चार अर्थशास्त्रज्ञांनी अख्ख्या भारताला विचारलाय आणि त्याचं उत्तर २०२३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून आलंय. प्रत्यय अकबर, व्हिक्टर कूट्यूर, जिल ड्युरँटन आणि अ‍ॅडम स्टोरीगार्ड अशी त्यांची नावं. त्यांनी भारतातली १८० शहरं घेतली आणि गूगल मॅपला प्रश्न विचारत सुटले, इथून तिथं आत्ता गाडीनं जायला किती वेळ लागेल? सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, संध्याकाळच्या गर्दीत विचारलं, मध्यरात्री विचारलं. असे किती प्रश्न, तर ५ कोटी ७० लाख ट्रिपा! त्यातल्या एकाही ट्रिपमध्ये कुणी गाडीची किल्ली फिरवली नाही, सगळं कॉम्प्युटरवर. मग हे आकडे खरे कशावरून, हा प्रश्न त्यांनाही पडला असणारच, म्हणून प्रत्यक्ष झालेल्या प्रवासांच्या आणि इतर आकड्यांशी ते ताडूनही बघितले.

ट्रिपा पण आपल्या मनानं कुठल्याही घेतल्या नाहीत बरं का, प्रकार ठरवून घेतल्या. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर कुपवाडमधून टिळक चौकात यायचं, म्हणजे कडेवरून मध्यात, हा एक प्रकार. मध्यात न शिरता शहराच्या कडेकडेनं फिरायचं हा दुसरा. आणि मग घरातून शाळा, दवाखाना, दुकान असल्या रोजच्या कामाच्या ठिकाणी जायचं.

आता खरी गंमत. हा सगळा ढीग हातात आल्यावर त्यांनी प्रत्येक शहराच्या वेगाचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा म्हणजे रस्ता रिकामा असताना गाडी किती पळते, आणि दुसरा म्हणजे गर्दी झाली की त्यातलं किती कमी होतं. मग बघितलं की एक शहर फास्ट आणि दुसरं स्लो, हा फरक यातल्या कुठल्या तुकड्यानं जास्त पडतो. आपण सगळे डोळे झाकून दुसऱ्याचं नाव घेऊ, गर्दी, दुसरं काय! निघालं उलटं. शहराशहरातला फरक जास्त करून पहिल्या तुकड्यामुळं पडतो, म्हणजे जे शहर स्लो आहे ते बऱ्यापैकी मध्यरात्री पण स्लोच असतं. दाट वस्तीची आणि जास्त लोकसंख्येची शहरं हळू चालतात हे खरंय, पण त्यातही गर्दीचा वाटा अर्धामुर्धाच. आणि ज्या शहरात पैसा जास्त तिथं गर्दी जास्त असूनसुद्धा एकंदर वेग जास्त निघाला, हे तर मी दोनदा वाचलं.

मला हे पटायला जरा वेळ लागला, कारण आपल्या डोक्यात स्लो आणि जाम हे दोन शब्द एकच होऊन बसलेत. पण ताप आणि पाय मोडणं हे जितके वेगळे तितकेच हे दोन वेगळे आहेत, दोन्हीत माणूस हळू चालतो एवढंच काय ते साम्य.

याच चौघांनी नंतर हाच उद्योग जगभर केला, १५२ देशांतली बाराशेहून जास्त मोठी शहरं. त्यात जगातलं सगळ्यात स्लो शहर निघालं ढाका, पण सगळ्यात जास्त जाम होणारं शहर ढाका नाही, ते निघालं कोलंबियातलं बोगोटा! श्रीमंत देशातल्या शहरांत गाड्या गरीब देशांपेक्षा साधारण ५० टक्के जास्त वेगानं पळतात आणि त्यामागं पण गर्दीपेक्षा रिकाम्या रस्त्यावरचा वेगच जास्त, म्हणजे मोठे रस्ते किती, शहर किती ऐसपैस पसरलंय असली कारणं.

आणि वेगात पहिला नंबर कुणाचा? अमेरिकेतलं फ्लिंट. हे नाव वाचून मी हसलोच. फ्लिंट म्हणजे मोटारी बनवणारं गाव, १९६० साली तिथं १ लाख ९६ हजार माणसं होती, मग कारखाने बंद होत गेले आणि २०२० च्या जनगणनेत उरली ८१ हजार. नळाच्या पाण्यात शिसं आल्याच्या बातम्या ज्या गावाच्या आल्या होत्या ते हेच. म्हणजे दोन लाख माणसांच्या गाड्यांसाठी बांधलेले रस्ते आणि त्यावर चालवायला निम्मीसुद्धा माणसं नाहीत, मग गाडी पळणारच की! लग्नाचा हॉल पाहुणे गेल्यावर ऐसपैस वाटतो तसलंच हे. त्यामुळं वेग वाढला म्हणजे शहर सुधारलं असं कुणी भाषणात म्हणालं तर मी आता जरा थांबून ऐकणार आहे.

बरं, गर्दी म्हणजे काहीच नाही असंही नाही. जकार्ताचं उदाहरण भारी आहे. तिथं मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत कमीत कमी तीन माणसं पाहिजेत असा नियम होता. मग लोकांनी काय केलं, तर रस्त्याच्या कडेला उभी राहणारी भाड्याची माणसं गाडीत बसवायला सुरुवात केली, त्यांना जॉकी म्हणायचे, आणि कडेवर पोर असलेली बाई मिळाली तर एकीत दोन माणसं मोजून व्हायची. आपल्याला उगाच वाटतं जुगाड फक्त आपल्याकडंच होतो. २०१६ मध्ये सरकारनं हा नियम काढायचा ठरवलं, तेव्हा रेमा हॅना, गॅब्रिएल क्राइंडलर आणि बेन ओल्कन या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी घाईनं गूगल मॅपवरून आकडे गोळा करायला घेतले. नियम गेल्यावर त्या रस्त्यांवरचा खोळंबा सकाळच्या गर्दीत ४६ टक्क्यांनी आणि संध्याकाळी तब्बल ८७ टक्क्यांनी वाढला, आणि जिथं हा नियम कधीच नव्हता त्या रस्त्यांवर पण वाढला. म्हणजे जो नियम सगळ्यांनी हसण्यावारी नेला होता तो गुपचूप काम करत होता.

पण जकार्ता हे जकार्ता आहे. आमची सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या जरा वर माणसं. १९९८ साली तिन्ही मिळून एक महापालिका झाली, पण नकाशा बघितला तर ती अजून तीन गावंच आहेत, मधी विश्रामबाग आणि विजयनगर भरून आल्यामुळं एक वाटतात एवढंच. सांगलीच्या गावभागातल्या बोळांची रुंदी ही बैलगाडीच्या काळातली, मिरजेचा जुना भाग किल्ला आणि दर्ग्याभोवती वाढलेला, आणि या दोन गावांना जोडणारा मेन रोड म्हणाल तर मुख्य एकच, ज्याच्यावर मार्केट यार्डात हळद घेऊन येणारा ट्रक पण, मिरजेच्या दवाखान्यात निघालेली अ‍ॅम्ब्युलन्स पण, कॉलेजची पोरं पण आणि वडापवाले पण. त्यात रेल्वे लाइन आडवी, म्हणून एखादा पूल दुरुस्तीला काढला की निम्मं गाव वळसा घालतंय. पावसाळ्यात तर नकाशातला एक तुकडाच गायब होतो, २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा कोल्हापूर रोड पाण्याखाली होता आणि उरलेल्या रस्त्यांवर सगळं शहर. हे जाम झालं म्हणायचं का? जाम दिसतंय खरं, पण मूळ दुखणं पर्यायी रस्ता नसण्याचं आहे.

म्हणून मला आपल्याकडचा नेहमीचा उपाय खटकतो, रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा. भारताचा अभ्यास करणाऱ्या त्या चौघांतल्याच ड्युरँटन यांनी मॅथ्यू टर्नर यांच्याबरोबर २०११ मध्ये अमेरिकन शहरांचा अभ्यास केला होता, त्यात दिसलं की मोठ्या हायवेच्या लेन जितक्या टक्क्यांनी वाढवाव्यात जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी लोकांचं गाडी चालवणं वाढतं, म्हणजे रस्ता रुंद होतो आणि पुन्हा भरतो. अमेरिकेतला हायवे आणि आपला शंभर फुटी रोड एक नाही हे मला कळतं, पण शंभर फुटीवर पार्किंग, हातगाड्या आणि भंगारातल्या गाड्या वजा करून खरे किती फूट उरतात ते एकदा टेप घेऊन मोजावं असं फार दिवस मनात आहे.

मोठ्या शहरांसाठी दुसरा एक उपाय सांगतात, गर्दीच्या वेळी गाडी काढली तर पैसे घ्या. जकार्ताच्या अभ्यासातल्याच क्राइंडलर यांनी बंगळुरात लोकांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून याची परीक्षा घेतली. निष्कर्ष असा की असे पैसे लावले तर लोक वेळ बदलतात, पण एकूण फायदा अगदी थोडा. बंगळुरातच थोडा, मग आपल्या पुष्पराज चौकात टोल लावून काय मिळणार, भांडणं मिळतील. त्यापेक्षा चर बुजवणं, लाइट चालू ठेवणं, चौकातलं वळण नीट करणं आणि दोन गावांच्या मधी अजून एखादी सरळ वाट काढणं हे भारतातल्या अभ्यासाच्या धाग्याला जास्त धरून आहे, हे माझं मत, त्या चौघांच्या तोंडी घालू नका.

एक गोष्ट मात्र या सगळ्या अभ्यासात मला डाचते. मॅपला विचारलेला वेळ हा चारचाकीचा. मार्केट यार्डापाशी रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या आजीला किती वेळ लागतो हे मॅपला कोण विचारणार? आणि रस्ता रिकामा असताना गाडी जोरात पळावी असं म्हणायचं तर त्याच रस्त्यावर पहाटे फिरायला निघालेली माणसं पण असतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्यानं वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून मी त्या रात्री स्पीडब्रेकरला शिव्या दिल्या खऱ्या, पण शाळेसमोरचा तो एक स्पीडब्रेकर मी स्वतः तरी काढू देणार नाही. चर मात्र बुजवा.

मावशीची गाडी मिळाली, सुटायला चार मिनिटं होती तेवढ्यात.

घरी आलो तर झोप उडालेली, म्हणून मॅप उघडून बसलो. राजवाडा चौक ते मिरज स्टेशन आत्ता किती, मग सकाळी नवाला किती, संध्याकाळी सहाला किती, असं वहीत लिहायचं ठरवलं, आठवडाभर. तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली, मला मोबाइल घेऊन बसलेला बघून म्हणाली,

"आता परत कुठं निघालायस रे?"

"कुठं नाही आई, मिरजेला किती वेळ लागतोय ते बघायलोय."

"आत्ताच जाऊन आलास की!"