वृत्तपत्रस्वातंत्र्य

बातमी, मत किंवा टीका छापण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी न लागणे, आणि छापल्यावर कायद्याने आधीच स्पष्ट केलेल्या गुन्ह्याखेरीज अन्य कशासाठीही शिक्षा न होणे, म्हणजे वृत्तपत्रस्वातंत्र्य. ‘मुद्रणस्वातंत्र्य’ हा याचा जुना पर्याय. नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट आल्यापासून ‘माध्यमस्वातंत्र्य’ हा शब्द अधिक चालतो. शब्द कोणताही घेतला तरी वादाचा मुद्दा एकच असतो: मजकूर वाचकापुढे जावा की नाही, हे ठरवायचे कोणी?

हे स्वातंत्र्य संपादकाचा खास मान नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिल्या दुरुस्तीत (१७९१) वृत्तपत्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. भारतीय राज्यघटनेत तो नाही. संपादक हाही नागरिकच, आणि लिहिताना तो नागरिकाचाच हक्क बजावतो, त्यामुळे वेगळ्या उल्लेखाची गरज नाही, अशी भूमिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत मांडली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५० पासून कलम १९(१)(क) मधील भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातच वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य धरले आहे.

युरोपात छापखाना आला आणि पाठोपाठ परवानेही आले. इंग्लंडमध्ये सरकारी परवान्याशिवाय छापण्यास मनाई होती. त्याविरुद्ध कवी जॉन मिल्टन याने १६४४ मध्ये ‘अॅरिओपॅजिटिका’ ही पुस्तिका काढली, तीही विनापरवाना. तिचा दाखला आजही दिला जातो. मात्र कॅथलिकांच्या लेखनाला ही मोकळीक द्यायला मिल्टन तयार नव्हता आणि पुढे काही काळ त्याने स्वतःच एका सरकारी वृत्तपत्राचा मजकूर तपासण्याचे काम केले, हे सहसा कोणी सांगत नाही. इंग्लंडमधील परवाना कायदा अखेर १६९५ मध्ये मुदत संपून गेला. संसदेने त्याचे नूतनीकरण केले नाही, एवढेच.

ठरवून केलेला पहिला कायदा स्वीडनचा, २ डिसेंबर १७६६ चा. आज फिनलंडमध्ये असलेल्या भागातील अँडर्स किडेनियस हा धर्मोपदेशक त्यामागे होता. या कायद्याने धर्मविषयक लेखन वगळता छपाईपूर्व तपासणी बंद केली आणि सरकारी कागदपत्रे पाहण्याचा व छापण्याचा हक्कही दिला. दुसरी तरतूद जास्त दूरदृष्टीची म्हटली पाहिजे, कारण दप्तर बंद असेल तर छापखाना मोकळा असूनही त्यात छापायला उरतात त्या अफवा. सहा वर्षांत राजाने सत्ता हातात घेतली आणि कायद्याची धार गेली.

छपाईपूर्वी अडवायचे नाही, नंतर हवी तर शिक्षा करावी, अशी अठराव्या शतकातील इंग्रजी कायद्याची समजूत होती. ती अपुरी होती, कारण सत्ताधाऱ्यांची बदनामी हा गुन्हा होता आणि मजकूर खरा असणे हा बचाव नव्हता. न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नरवर टीका छापणाऱ्या जॉन पीटर झेंगर या मुद्रकावर १७३५ मध्ये खटला झाला. त्याचा वकील अँड्र्यू हॅमिल्टन याने छापल्याची सरळ कबुली दिली आणि जे छापले ते खोटे आहे का, एवढेच ज्यूरीने पाहावे असा आग्रह धरला. न्यायाधीशाचा कल झुगारून ज्यूरीने झेंगरला सोडले. कायदा त्या दिवशी बदलला नाही, पण सत्य हा बचाव असू शकतो ही कल्पना लोकांच्या मनात रुजली.

उघड सेन्सॉरशिप ओळखायला सोपी असते. भारतात २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली तेव्हा दिल्लीतील वृत्तपत्रांच्या रस्त्याची वीज तोडली गेली. नंतर काहींनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध केला, तर जागा कोरी सोडू नये अशीही सूचना आली. कोऱ्या कागदाचाही अर्थ लागतो, हे सेन्सॉरला कळले होते.

आडवळणाने घातलेला अडथळा मात्र पटकन दिसत नाही. इंग्लंडमध्ये १७१२ पासून वृत्तपत्रांवर मुद्रांक कर होता. १८१५ मध्ये तो प्रत्येक प्रतीमागे चार पेनी झाला. एकाही ओळीवर बंदी नव्हती, फक्त मजुराला वृत्तपत्र परवडेना. हेन्री हेदरिंग्टन याने १८३१ मध्ये विनामुद्रांक साप्ताहिक एका पेनीला विकायला काढले आणि ते कायदा मोडून प्रसिद्ध होत असल्याचे मथळ्यापाशीच छापले. असली पत्रे विकणारे शेकडो विक्रेते तुरुंगात गेले. कर १८३६ मध्ये एक पेनीवर आला, १८५५ मध्ये गेला.

याच जातीचा प्रश्न भारतात ‘सकाळ’च्या खटल्यात आला. किती किमतीला किती पाने द्यायची हे सरकारने १९६० च्या आदेशाने ठरवून दिले. पाने तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पाने कापा. हेतू सांगितला गेला तो लहान पत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेतून वाचवण्याचा, आणि तो अगदीच खोटा नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे निर्बंध रद्द केले: किती लिहायचे आणि किती लोकांपर्यंत पोहोचायचे, हाही अभिव्यक्तीचाच भाग आहे. पुढे वृत्तपत्री कागदाच्या वाटपावरून १९७२ मध्ये असाच निकाल लागला. सरकारी जाहिराती देणे-थांबवणे आणि प्रक्षेपणाचे परवाने लांबवणे ही या घराण्यातील आजची साधने. मालकाच्या इतर धंद्यांवर येणारा दाब तर कागदावर कुठेच दिसत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सापडते. लाखो माणसे मरत असताना वसाहत सरकार दुष्काळ जाहीर करायला तयार नव्हते आणि युद्धकाळातील नियमांनी बातम्यांवर लगाम होता. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे इंग्रज संपादक इयन स्टीफन्स यांनी ऑगस्टमध्ये रस्त्यांवरच्या भुकेल्या आणि मेलेल्या माणसांची छायाचित्रे छापली. त्यानंतर ही गोष्ट दिल्ली आणि लंडनमध्ये नाकारणे अवघड झाले. लोकशाही आणि बऱ्यापैकी मोकळी वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडलेला नाही, हे अमर्त्य सेन यांचे प्रसिद्ध प्रतिपादन. यात पत्रकाराच्या थोरवीपेक्षा शासनयंत्रणेची सोय जास्त आहे: वरच्यांना आवडेल तेवढेच खालून कळवले जात असेल, तर वर बसलेल्यालाही खरे कळत नाही.

हे स्वातंत्र्य अमर्याद कुठेच नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम १९ निर्बंधांना वाव देते, पण निर्बंध कायद्याने घातलेला, ठरावीक उद्देशासाठी आणि खरोखर आवश्यक असावा लागतो. तिसरी अट सर्वांत जड. अमेरिकी सरकारने व्हिएतनाम युद्धाचे गोपनीय दस्तऐवज छापणे थांबवण्यासाठी १९७१ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचा दाखला दिला. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो पुरेसा मानला नाही. बातमीचा स्रोत गुप्त ठेवण्याचा हक्क युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये गुडविन खटल्यात मान्य केला. नाव फुटणार असेल तर आतली माहिती सांगायला कोणी पुढे येत नाही.

अलीकडे वाढलेला प्रकार म्हणजे जिंकण्यासाठी नव्हे, तर थकवण्यासाठी घातलेले अब्रुनुकसानीचे दावे. वकिलाची फी आणि तारखा हीच शिक्षा. माल्टातील पत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझिया यांची १६ ऑक्टोबर २०१७ रोजी मोटारीतील बॉम्बने हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर असे चाळीसहून अधिक दावे प्रलंबित होते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा दाव्यांविरुद्ध निर्देश संमत केला, तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दरम्यान त्यांच्यावरचे अनेक दावे मृत्यूनंतरही त्यांच्या वारसांविरुद्ध चालू राहिले.