ट्रायबल बेली डान्स शिकायचाय, पण कोणता? एटीएस आणि ट्रायबल फ्युजनमधला फरक

डोळ्यात भरभरून काजळ, ऑक्सिडाइज्डचे जाड दागिने, हातावर टॅटू, आणि पोट आणि कंबर अशी हलतेय की बाकीचं शरीर जणू तिला ओळखतच नाही. असला व्हिडिओ कुणी शेअर केला की खाली हमखास लिहिलेलं असतं "ट्रायबल बेली डान्स". पण या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक अमेरिकन ट्रायबल स्टाइल, जिला सगळे एटीएस म्हणतात, आणि दुसरी ट्रायबल फ्युजन. दोन्ही एकाच घरातल्या आहेत म्हणून गोंधळ होतो. पण शिकायला जाणार असाल तर फरक माहीत हवा, कारण दोन्हीच्या टीचरकडून अपेक्षा काय ठेवायची तेच बदलतं.

आधी एक सांगते. ट्रायबल म्हटलं की आपल्याकडे लगेच वारल्यांचा तारपा नाच वगैरे आठवतं. इथे तसं काही नाहीये. हा कुठल्याच आदिवासी जमातीचा नाच नाही, हा सॅन फ्रान्सिस्को आणि आसपास तयार झालेला नाच आहे. जमीला सलीमपूरनी १९६८ मध्ये बाल अनात नावाचा ग्रुप काढला, तो कॅलिफोर्नियातल्या रेनेसाँ फेअरमध्ये, म्हणजे जुन्या युरोपच्या थाटात भरवलेल्या जत्रेत, नाचायचा, त्यांनी स्टेप्सना नावं दिली, बोटातल्या झांजांचे पॅटर्न बसवले. त्यांची शिष्या माशा आर्चर, आणि माशाकडे १९७४ पासून शिकलेली कॅरोलिना नेरिचिओ. कॅरोलिनानं १९८७ मध्ये फॅटचान्सबेलीडान्स हा ग्रुप सुरू केला, आणि आज आपण ज्याला एटीएस म्हणतो ते तिथे घडलं. कपडे बघाल तर चोळी, हो आपलीच चोळी, तीही पाठ उघडी असलेली, पंचवीस यार्ड घेराचा घागरा, खाली सलवारीसारखी पँट, अफगाणी कुची भटक्यांचे दागिने, राजस्थानी कडी. सगळं ठिकठिकाणहून गोळा केलेलं.

आता मुख्य मुद्दा. एटीएसचा ग्रुप स्टेजवर बघितला की वाटतं यांनी महिनाभर तरी प्रॅक्टिस केली असणार, चौघी एकदम वळतात, एकदम हात वर, झांजा एकाच ठेक्यात. प्रत्यक्षात ते तिथल्या तिथे ठरत असतं! कोरिओग्राफी नाहीच. मूव्ह्जचा एक ठरलेला साठा असतो आणि प्रत्येक मूव्हची आधी द्यायची एक खूण असते, हात कुठे गेला, अंग कुठे वळलं, मान कशी फिरली. सगळ्या जरा डावीकडे तिरक्या उभ्या राहतात, डाव्या बाजूला सगळ्यात पुढे असते ती लीडर, बाकीच्यांना ती दिसते आणि तिनं खूण दिली की त्या मागून तेच करतात. मग समोरासमोर आल्या किंवा गोल झाला की लीड दुसरीकडे जातो. फास्ट मूव्ह्जना झिल, म्हणजे बोटातल्या झांजा, वाजत राहतात, स्लो मूव्ह्जना झिल गप्प. या नाचाचं तारप्याशी काही नातं नसलं तरी हे मात्र मला फार जवळचं वाटतं, तारपा वाजवणारा सूर बदलतो तसं फेर धरलेल्यांचं पाऊल बदलतं ना, तसंच इथे एकीच्या शरीराकडे बघून बाकीच्या बदलतात.

ट्रायबल फ्युजनमध्ये गंमत उलटी आहे. तिथे नाचणारी एकटीच, स्वतःत हरवल्यासारखी, आत्ता सुचलं तसं नाचतेय असं वाटतं आणि बऱ्याचदा तो पीस बीट न बीट बसवलेला असतो. फॅटचान्सच्या सुरुवातीच्या डान्सर्सपैकी जिल पार्करनं १९९६ मध्ये अल्ट्रा जिप्सी हा ग्रुप काढला आणि ठरलेल्या साठ्याबाहेर जायला सुरुवात केली, म्हणून फ्युजनची सुरुवात सांगताना तिचं नाव पहिलं येतं. मग रेचल ब्राइस. ती योगावाली, शरीराचा एकेक भाग सुटा करून हलवायचा, त्यावर दुसरी हालचाल चढवायची, आणि सगळं इतकं सावकाश की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. २००३ मध्ये ती बेलीडान्स सुपरस्टार्सच्या टूरमध्ये गेली आणि तिच्या डीव्हीडी जगभर पोचल्या, आज फ्युजन म्हणून डोळ्यासमोर जे चित्र येतं ते बरंचसं तिचं आहे. झोई जेक्सनं बीट्स अँटिक या बँडबरोबर त्याला इलेक्ट्रॉनिक म्युझिक जोडलं. कुणी हिपहॉपचं पॉपिंग आणलं, कुणी फ्लॅमेंको, कुणी आपलं कथ्थक किंवा ओडिसी.

मग दहा सेकंदात ओळखायचं कसं? कपड्यांवरून नको, कपडे दोन्हीकडे मिसळलेत. नजर बघा. मागच्या मुली सतत एकाच मुलीकडे बघतायत आणि झिल वाजतायत तर बहुतेक एटीएस. नजर आत वळलेली किंवा थेट प्रेक्षकांकडे, आणि पोट, छाती, खांदे वेगवेगळ्या बीटवर चाललेत तर फ्युजन. अर्थात सीमा पक्की नाहीये. रेचलनंच नंतर पोर्टलंडमध्ये दातुरा स्टाइल उभी केली आणि त्यात ग्रुपमधलं इम्प्रोव्ह, म्हणजे तिथल्या तिथे ठरवत नाचणं, परत आलं, सॅक्रामेंटोच्या एमी सिगिलनं उन्माता ग्रुपबरोबर स्वतःच्या खुणांची वेगळी पद्धत बसवली.

टीचर निवडताना मात्र फरक स्पष्ट आहे. एटीएसमध्ये मूव्ह आणि खूण सगळीकडे सारखीच हवी, नाहीतर सगळं कोसळतं. म्हणून तिथे जनरल स्किल्स, टीचर ट्रेनिंग अशी पायरी पायरीची सर्टिफिकेट्स आहेत, तीच पद्धत शिकवणारे सिस्टर स्टुडिओ आहेत. त्याचा फायदा असा की दोन देशांतल्या दोघी, ज्यांची भाषाही एक नाही, पहिल्यांदा भेटून न ठरवता एकत्र नाचू शकतात. त्यामुळे एटीएसच्या टीचरला तुम्ही कुणाकडून शिकलात हे बिनधास्त विचारा, खरी टीचर आनंदानं सांगते.

फ्युजनमध्ये असं मध्यवर्ती काही नाही, तिथे प्रश्न वेगळा, फ्युजन कशाचं कशाशी आणि ते दुसरं तुम्ही किती वर्षं शिकलात. हे मला मनापासून लागलेलं आहे कारण मी लहानपणी आठ वर्षं कथ्थक केलंय. एका वीकेंड वर्कशॉपला कथ्थक फ्युजन म्हणून गेले तर तत्कार नाही, ताल नाही, सम कुठे ते नाही, डायरेक्ट चकरा आणि हस्तमुद्रा, त्यापण फोटोत छान दिसतात म्हणून. घरी येऊन मी रडले होते. याउलट कोलीना शक्ती बघा, अमेरिकन बाई, भारतात येऊन वर्षानुवर्षं ओडिसी शिकली, पुष्करला राहून शाळा काढली, तिचा त्रिभंग बघितला की कळतं मेहनत कुठे आहे. आणि अजून एक, दुसऱ्याच क्लासला कुणी गुडघ्यावर बसून पूर्ण मागे झुकायला लावलं तर तिथून निघा, पाठ आपली असते.

नावांबद्दल. २०२० मध्ये कॅरोलिनानं एटीएस हे नाव बाजूला ठेवून एफसीबीडी (फॅटचान्सबेलीडान्स) स्टाइल केलं. फ्युजनवाल्यांमध्येही ट्रायबल शब्द सोडणाऱ्या बऱ्याच आहेत, कोलोरॅडो युनिव्हर्सिटीतल्या डोना मेहिया ट्रान्सनॅशनल फ्युजन हा शब्द वापरतात. मला हा बदल पटतो. ज्या शब्दामागे खरी माणसं, खऱ्या जमाती आहेत तो नुसता लुकसाठी वापरणं बरोबर नव्हतंच. पण क्लास शोधताना जुनी नावंही टाकून बघा, सर्चमध्ये अजून तीच येतात.

पहिलं कोणतं शिकायचं असं मला विचाराल तर एटीएस, जरी शेवटी फ्युजनच करायचं असलं तरी. त्यात पोश्चर बसतं, झिल वाजवत चालताना ताल अंगात मुरतो, आणि सोबतच्या मुलीकडे बघत नाचायची सवय लागते. अडचण एकच, ते एकटीनं घरी होत नाही. मी आणि माझी एक मैत्रीण दर रविवारी सकाळी ठाण्यात तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये करतो, अर्धा वेळ ती लीड, अर्धा वेळ मी. दोघींची फॉर्मेशन आता छान बसलीय, तिघींची करायची तर तिसरी कुणीतरी हवीय.