अक्षरावरून स्वभाव ओळखायचा, तर मजकूर कुणाचा?

ओळ वर चढली तर माणूस आशावादी, रोमन 'टी'ची आडवी रेघ उंच तर महत्त्वाकांक्षी. असे ठोकताळे मांडणाऱ्या विद्येला 'ग्राफोलॉजी' हे नाव १९व्या शतकात फ्रान्समधले धर्मगुरू मिशाँ यांनी दिलं. पुढे युरोपात नोकरभरतीतही ती वापरली गेली.

खरी गोम आहे ती मजकुरात. उमेदवाराला बहुतेक वेळा स्वतःबद्दल लिहायला सांगतात. 'तीन वर्षं वसतिगृहाचा सचिव होतो' असं वाचल्यावर नेतृत्वगुण दिसायला वेलांटी कशाला तपासायची? नेतर आणि बेन-शखार या संशोधकांनी १९८९ मध्ये १७ अभ्यास एकत्र तपासले. तेच कागद वाचून ग्राफोलॉजी न शिकलेल्यांनी बांधलेले अंदाजही तज्ज्ञांपेक्षा कमी भरले नाहीत. मजकूर लिहिणाऱ्याच्या आयुष्याशी संबंध नसलेला असला, की तज्ज्ञांची अचूकता जवळपास शून्यावर आली.

तरी 'अगदी माझंच वर्णन' असं वाटतं, ते का? १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मानसशास्त्रज्ञ फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून एकच वर्णन दिलं. अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले!

देवनागरीत तर पंचाईतच. आपली अक्षरं शिरोरेखेला टांगलेली. मोडीत आधी पानभर रेघ ओढून मग खाली लिहीत, म्हणजे ओळीचा चढउतार मजकुराआधीच ठरलेला. त्यात कारकुनाचा आशावाद कुठे शोधणार? (कोर्टातले हस्ताक्षरतज्ज्ञ वेगळे. अक्षर किंवा सही कुणाची हे ते पाहतात, लिहिणारा कसा आहे ते नाही.)

पडताळा घ्यायचाच तर एकाच वयोगटातले, सगळे पुरुष किंवा सगळ्या स्त्रिया असे दहा जण घ्या. अक्षरावरून स्त्री की पुरुष हे थोडंफार ओळखू येतं. सगळ्यांना सारखं पेन, कोरा कागद आणि उतरवून काढायला एकच पाककृती द्या. तज्ज्ञाला लिहिणारे दिसता कामा नयेत. त्याची दहा वर्णनं नावं काढून, टाइप करून, पिसून प्रत्येकाला द्या आणि 'यातलं तुमचं कोणतं?' विचारा. एकमेकांत चर्चा नको. नुसत्या नशिबानं सरासरी एकाची निवड बरोबर येते. दोन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यताही साधारण २६ टक्के असते. चार किंवा जास्त जणांनी आपलं वर्णन ओळखलं, तर मात्र पुन्हा नवे दहा जण गोळा करावेत. नशिबानं तसं घडण्याची शक्यता जेमतेम सव्वा टक्का.