‘हलकेच झटकली’ म्हणजे किती? मुळाला चिकटलेल्या मातीच्या नमुन्यामागची गोष्ट

रोप उपटायचं, सैल माती झटकायची आणि तरीही जी माती मुळाला धरून बसते तेवढीच नमुना म्हणून घ्यायची. मायक्रोबायोमच्या, म्हणजे एखाद्या ठिकाणच्या सगळ्या सूक्ष्मजीवांच्या, अभ्यासात ही कृती एका ओळीत उरकतात: ‘हलकेच झटकून सैल माती काढून टाकली.’ शिकत असताना एकाच वाफ्यातली रोपं आम्ही दोघांनी वाटून झटकली होती. माझ्या नळीच्या तळाशी बोटभर गाळ बसला, जोडीदाराच्या नळीत जेमतेम चिमूटभर. दोघांच्या वहीत वाक्य मात्र एकच होतं. हा घोळ विषयाच्या जन्मापासून सोबत आहे.

१८८८ साली हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवून दिलं, की कडधान्यवर्गीय झाडं हवेतला नायट्रोजन वापरतात तो मुळांवरच्या गाठींच्या जोरावर. त्याच वर्षी बायरिंक यांनी गाठींतले जिवाणू वेगळे करून वाढवले. पुढे नोबे आणि लोरेन्झ हिल्टनर यांनी हे जिवाणू बियाण्याला लावायचं संवर्धन तयार केलं आणि ते ‘नायट्राजिन’ या नावाने बाजारात आलं. म्हणजे हिल्टनर हे मुळांपाशी प्रत्यक्ष हात घातलेले गृहस्थ. १९०४ साली त्यांनी मुळाचा प्रभाव जिथवर पोचतो त्या मातीला नाव दिलं, रायझोस्फिअर. ‘रायझा’ म्हणजे ग्रीकमध्ये मूळ. मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे तिथे जिवाणूंची वेगळीच वस्ती होते, उपकारी आणि उपद्रवीही, असा त्यांचा अंदाज होता.

नाव मिळालं, हद्द काही मिळाली नाही. मुळातून पाझरलेली साखर किंवा सेंद्रिय आम्लं एखाद-दोन मिलिमीटरवर संपतात, तर कार्बन डायऑक्साइडसारखा वायू बराच लांब जातो. मग रेघ कुठे मारायची? कुणीतरी सोयीचा तोडगा काढला: जी माती चिकटून राहते ती रायझोस्फिअर. माझ्या मते या विषयातली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात फसवी व्याख्या हीच. चिकटणं ठरतं चिकणमातीच्या प्रमाणावर, ओलीवर, मुळावरच्या केसांवर आणि बुळबुळीत स्रावावर; जिवाणूंना त्यातलं सगळंच लागू पडेल असं नाही. काही गवतं तर माती जणू अंगरख्यासारखी घालतात. वाळवंटी गवतांच्या मुळांभोवतीचं वाळूचं आवरण फोल्केन्स यांनी १८८७ मध्येच नोंदवलं होतं, म्हणजे हिल्टनरच्या शब्दाच्याही आधी.

विसाव्या शतकाचा बराचसा काळ गेला मोजण्यात. चिकटलेल्या मातीसकट मुळं निर्जंतुक पाण्यात टाकायची, बाटली खळखळून हलवायची, ते गढूळ पाणी दहापट, शंभरपट असं पातळ करत अगारच्या, म्हणजे जिवाणूंचं खाद्य घातलेल्या जेलीच्या, तबकड्यांवर पसरायचं आणि उगवलेल्या वसाहती मोजायच्या. मुळं काढून घेतल्यावर उरलेलं पाणी आटवून कोरडी माती तोलायची, म्हणजे दर ग्रॅमला किती जिवाणू ते कळतं. हाच आकडा मुळापासून दूरच्या मातीशी ताडला की मुळाजवळ जिवाणू कित्येक पटींनी जास्त दिसत. खळखळूनही जे मुळाच्या कातडीला घट्ट बिलगून राहतं, त्या पृष्ठभागासाठी क्लार्क यांनी १९४९ मध्ये ‘रायझोप्लेन’ हा शब्द आणला. एका झटक्याचे असे दोन कप्पे झाले.

पण तबकडीवर उगवतं ते मातीतल्या जिवाणूंचा जेमतेम शतांश. सूक्ष्मदर्शकाखाली गर्दी आणि तबकडीवर शुकशुकाट, ही तफावत १९८५ मध्ये स्टॅली आणि कोनोप्का यांनी ठसठशीतपणे मांडली. १९९० साली नॉर्वेत टोर्सविक आणि सहकाऱ्यांनी जंगलातल्या ३० ग्रॅम मातीतल्या डीएनएवरून सुमारे ४,००० वेगवेगळ्या जीनोमांचा, म्हणजे ढोबळपणे तितक्या प्रकारच्या जिवाणूंचा, अंदाज बांधला. त्यानंतर तबकडीची सद्दी संपत गेली.

तिची जागा डीएनएने घेतली, आणि त्यातून नवी डोकेदुखी आली. मातीतून काढलेला डीएनए चहासारखा तपकिरी निघतो. तो रंग कुजलेल्या पालापाचोळ्यातून बनणाऱ्या ह्युमिक आम्लांचा, आणि ही आम्लं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया, बंद पाडतात. बारीक मण्यांसोबत माती जोरात हलवून पेशी फोडणं, मग ह्युमिक द्रव्यं धुऊन काढणं, हे सगळं हळूहळू तयार संचांत बसलं. पण हलवणं कमी पडलं तर जाड भिंतीचे जिवाणू फुटतच नाहीत, आणि मग ते मोजणीतही येत नाहीत.

आजची पद्धत स्थिरावली ती साधारण २०१२ मध्ये. ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन गटांनी अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या मुळांवरचे निबंध छापले, एकात ६०० हून अधिक रोपं होती. त्यातल्या एका गटाने झटकून मुळाभोवती साधारण मिलिमीटरभर माती ठेवली, मग मुळं बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) किंचित सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं द्रव्य, घालून घुसळली, गढूळ पाणी बारीक जाळीतून गाळून सेंट्रिफ्यूज या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात फिरवलं. तळाशी बसलेला गाळ म्हणजे रायझोस्फिअर. धुतलेली मुळं अल्ट्रासाउंडने आणखी स्वच्छ करून आतल्या जिवाणूंसाठी वेगळी ठेवली. २०१५ मध्ये भातावर काम करणाऱ्या गटाने माती, मुळाचा पृष्ठभाग आणि आतला भाग असे तीन कप्पे सलग मांडले. मुळाच्या आतल्या नमुन्यांत झाडाच्याच क्लोरोप्लास्ट आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पीसीआरमध्ये भसाभसा वाढतो. तो अडवायला पीएनए नावाचे, डीएनएला चिकटणारे कृत्रिम तुकडे घालायची युक्ती २०१३ मध्ये आली.

उरलेले धक्के पुढच्या चार वर्षांत बसले. डीएनए काढायच्या संचांतच जिवाणूंचा डीएनए असतो, हे २०१४ मध्ये उघड झालं आणि रिकाम्या नळीचा ‘कोरा नमुना’ सक्तीचा होऊन बसला. २०१६ मध्ये दिसलं, की मातीतला सरासरी ४० टक्के जिवाणू-डीएनए मेलेल्या पेशींचा असतो. साठवणुकीबाबत मात्र थोडा दिलासा आहे: काही दिवस फ्रिजबाहेर राहिल्याने मातीतल्या जिवाणूंचं एकंदर चित्र फारसं बदलत नाही, असं २०१० च्या एका अभ्यासात आढळलं. तरीही नमुना बर्फात ठेवून लगेच उणे ८० अंशांवर टाकायची सवय कुणी सोडलेली नाही, आणि सोडूही नये. लवकर तुटणारा आरएनए हवा असेल तर मिनिटांचाच प्रश्न असतो.

आता घुसळण्याचे सेकंद आणि सेंट्रिफ्यूजचे फेरे काटेकोर लिहिले जातात. त्याच्या आधीचा हाताचा झटका अजूनही ‘हलकेच’ आहे. रेताड जमिनीत तेवढ्याने मूळ जवळजवळ उघडं पडतं, काळ्या चिकण जमिनीत पावसानंतर अख्खं ढेकूळ तसंच लोंबत राहतं, आणि दोन्हींच्या नळीवर लेबल एकच असतं.