टॅपेट सेटिंगला गाडी रात्रभर का ठेवून घेतो?

स्प्लेंडर किंवा जुनी सीडी १०० घेऊन येणारे दिवसाला तीन-चार जण तरी म्हणतात, "टॅपेट वाजतोय, पाच मिनिटांचं काम आहे, आत्ताच करून द्या." आम्ही नाही म्हणतो तेव्हा काहींना राग येतो. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवलंय. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनातल्या हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, आणि रॉकर म्हणजे त्यांना दाबून उघडणारा दांडा. या दोघांमधली फट स्क्रूनं लावणं म्हणजेच टॅपेट सेटिंग.

हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली आणि स्प्लेंडर १९९४ साली. दोन्हींचं इंजिन ९७.२ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४९.५ मिमी. एक सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, थंड व्हायला फक्त वारा. इतकं साधं आणि टिकाऊ इंजिन आमच्या हाताखालून दुसरं गेलेलं नाही. पण रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात जी फट ठेवायची असते, ती कागदाएवढी बारीक. इंजिन तापलं की हेडचं (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह बसवलेल्या भागाचं) अ‍ॅल्युमिनियम आणि व्हॉल्व्हचं पोलाद वेगवेगळं फुगतं, आणि त्या वेळी मोजलेली फट खरी नसते. कंपनीचं मापही गार इंजिनाचंच आहे. वरून फिन (इंजिनावरच्या पातळ पट्ट्या) हाताला गार लागले म्हणजे आतून इंजिन निवलं असं नाही. तासभर थांबूनही भागत नाही, म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो दुसरीकडे कुठेतरी गरम इंजिनावर टाइट केलेले टॅपेट निस्तरण्यात. आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण फट संपली की व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, किक हलकी लागते, सकाळी गाडी दहा किका खाते, अ‍ॅव्हरेज पडतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकून सोडतो. टेकलाच नाही तर जळतो. आमच्या काउंटरवर असा एक व्हॉल्व्ह ठेवलाय, त्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा जळून गेलाय. हातात घेऊन बघा. मग हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, लॅपिंग करा (व्हॉल्व्ह घासून सीटवर नीट बसवा), गास्केट नवं घाला. गाडी दोन दिवस अडकते आणि खर्च टॅपेटच्या कितीतरी पट.

थोडी टिकटिक राहिली तर राहू द्या. वाजणाऱ्या टॅपेटचा व्हॉल्व्ह जळत नाही. आवाज खडखडाटासारखा असेल तर तो बहुतेक टायमिंग चेनचा (इंजिनाच्या आतल्या साखळीचा), त्याला टॅपेट आवळून उपयोग नाही.

आमच्याकडे मॅग्नेटवरची (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) 'टी' खूण जुळवून, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून, फीलर गेजनंच (फट मोजायच्या पातळ पट्टीनंच) फट लावतात. पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू जरासा फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पुन्हा मोजतो. बोटांच्या अंदाजावर आम्ही काम करत नाही, त्यामुळे मजुरी इतरांपेक्षा थोडी जास्त आहे.

संध्याकाळी सातपर्यंत गाडी सोडा, सकाळी नऊला तयार मिळेल. दर ३००० किलोमीटरला टॅपेट तपासून घ्या. त्याच वेळी ऑइल बदललंत तर मागच्या चाकाची चेन साफ करून, ताण बघून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. रात्री ठेवणं जमत नसेल तर सकाळी उघडताच आणा, पण चालवत नको. जवळ राहत असाल तर ढकलत आणा, लांब असाल तर फोन करा, आमचा मुलगा घरी येऊन करून देईल. तो पोचेपर्यंत किक मात्र मारू नका.